छत्तिसाव्या वर्षी ई-कॉमर्सची पदवी : कोणती निवडावी?

प्रश्न : माझे वय ३६ असून गेली ११ वर्षे मी एका वितरण कंपनीत खरेदी आणि साठा विभाग सांभाळते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने ऑनलाइन विक्री सुरू केली. ते काम वेगळ्या, तरुण गटाकडे सोपवले आहे. माझ्या वाट्याला येतात ती परत आलेली पार्सले. रोज संध्याकाळी ती उघडून मालाची नोंद करताना हा माल परत का येतो हे मला दिसत असते, पण ते मांडण्याची भाषा माझ्यापाशी नाही आणि मला कोणी विचारतही नाही. म्हणून ई-कॉमर्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन क्षेत्र बदलायचे मी ठरवले आहे. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत : नोकरी सोडून एका वर्षाची पूर्णवेळ ‘एमएससी ई-कॉमर्स’, नोकरी सांभाळून दोन वर्षांत करण्याची, युरोपीय पद्धतीच्या ९० क्रेडिटची ‘डिजिटल बिझनेस’ ही ऑनलाइन पदवी, किंवा ई-कॉमर्स हा ऐच्छिक विषयगट असलेले एमबीए. पहिल्या दोन्हींचे शुल्क जवळपास सारखे, म्हणजे माझ्या एका वर्षाच्या पगाराएवढे आहे; एमबीए त्याहून बरेच महाग आहे. माझे मूळ शिक्षण वाणिज्य शाखेचे, संख्याशास्त्राची धास्ती आहे आणि घरी सात वर्षांची मुलगी आहे. मन पहिल्या पर्यायाकडे ओढते, कारण एक घाव दोन तुकडे करून नव्याने सुरुवात करावी असे वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचे तिन्ही पर्याय मी नीट वाचले, पण माझे लक्ष अडकून राहिले ते परतीच्या पार्सलांपाशी. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांची पत्रे बहुधा जाहिराती, समाजमाध्यमे आणि वेबसाइट यांविषयी असतात. परत आलेल्या मालाचा उल्लेख त्यांत सहसा नसतो. ऑनलाइन धंद्यातला नफा ज्या ठिकाणी गळतो, नेमक्या त्या ठिकाणी तुम्ही दोन वर्षे उभ्या आहात आणि तिथून तुम्हाला काहीतरी दिसते आहे. तेव्हा ‘मला जे दिसते ते आकड्यांत मांडायला आणि त्यावर उपाय सुचवायला कोणता अभ्यासक्रम शिकवील’ ही एकच कसोटी तुम्ही तिन्ही पर्यायांना लावावी, असे माझे मत आहे.

तुम्ही उघडता त्या पार्सलांचे मोल किती असते, हे आधी एका छोट्या हिशेबातून पाहू. विक्रीची किंमत १०० धरा, चलन कोणतेही असो. त्यातून मालाची खरेदी ५५, पॅकिंग ३, पोहोचवण्याचा खर्च १०, पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे, शुल्क २ आणि ते गिऱ्हाईक मिळवण्यासाठी केलेली जाहिरात १८, असे ८८ वजा केले, तर एका ऑर्डरमागे १२ उरतात. शंभर ऑर्डरी आल्या की १,२०० उरले, असे विक्री विभागाच्या डॅशबोर्डवर दिसते आणि सगळे खूश होतात. आता त्यांतल्या २० ऑर्डरी परत आल्या असे समजा. माल धड अवस्थेत आला आणि पुन्हा विकण्याजोगा राहिला, तरी परत आलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे पॅकिंगचे ३, जाण्याचे १०, गेटवेचे २, जाहिरातीचे १८, परत आणण्याचे १० आणि तपासून पुन्हा पॅक करण्याचे ३, असे एकूण ४६ बुडाले. टिकलेल्या ८० ऑर्डरींनी ९६० मिळवले, परतीच्या २० ऑर्डरींनी ९२० खाल्ले. हाती राहिले ४०. आणखी एकच ऑर्डर परत आली, की सगळा व्यवहार १८ ने तोट्यात जातो. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे, आणि जिला ती रीत येते तिला आपले म्हणणे कोणी ऐकून घ्यावे म्हणून वाट पाहत बसावे लागत नाही.

पूर्वी मी नोकरभरतीच्या मुलाखतींना बसत असे, तेव्हा असाच एक हिशेब उमेदवारांपुढे ठेवत असे. ई-कॉमर्सची पदवी असलेल्या एका तरुणाने ‘जाहिरातीचा खर्च वाढवून ऑर्डरी वाढवू’ असे उत्तर दिले. गोदामात बरीच वर्षे काढलेल्या आणि तशी पदवी नसलेल्या दुसऱ्या उमेदवाराने उलट मलाच विचारले, की परत आलेल्या वीसपैकी एकाच मालाच्या किती होत्या. निवड पहिल्याची झाली, कारण पदव्युत्तर पदवी ही त्या जागेची लेखी अट होती. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण पदवीने काय मिळते आणि काय मिळत नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका दुपारी माझ्यासमोर होत्या, आणि तुमचा निर्णय त्या दोन्हींचा विचार करून व्हावा असे मला वाटते.

आता पदवीच्या नावाविषयी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक कॉमर्स या नावाने पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा ॲमेझॉनने ऑनलाइन पुस्तके विकायला सुरुवात केल्याला जेमतेम चार वर्षे झाली होती आणि या नावाला नवेपणाचे तेज होते. मार्च २००० नंतर इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले, पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि वेबव्हॅनने जुलै २००१ मध्ये गाशा गुंडाळला, आणि त्या शब्दाची झळाळीही ओसरली. विषय मात्र राहिला. आज तो डिजिटल बिझनेस, इन्फर्मेशन सिस्टीम्स, बिझनेस ॲनालिटिक्स, सप्लाय चेन मॅनेजमेंट अशा निरनिराळ्या नावांखाली शिकवला जातो, आणि उलट ‘ई-कॉमर्स’ हे एकच नाव धारण करणाऱ्या दोन पदव्यांमध्ये साम्य शोधूनही सापडत नाही, असेही होते. संगणकशास्त्र विभाग चालवत असेल तर त्यात वेब-प्रणाली, डेटाबेस आणि सुरक्षितता यांचा भरणा असतो. व्यवस्थापन विभाग चालवत असेल तर धोरण आणि मार्केटिंग यांचा. म्हणून पहिल्या पर्यायाच्या नावात ई-कॉमर्स आहे आणि दुसऱ्याच्या नावात नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ बाजूला ठेवून सक्तीच्या विषयांची यादी तेवढी मागवा. ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी पाहून हुरळून जाऊ नका, कारण पुरेसे विद्यार्थी मिळाले नाहीत तर त्यांतले विषय त्या वर्षी शिकवलेच जात नाहीत, आणि तुम्हाला हवा असलेला विषय नेमका त्यांत निघण्याची शक्यता दाट असते.

वेबव्हॅनचे नाव वर ओघात आले, पण तिची हकिकत तुमच्या कामाची आहे. घरपोच किराणा देणाऱ्या या कंपनीने मागणी पुरेशी जमण्याआधीच प्रचंड खर्चाची स्वयंचलित गोदामे उभारायला घेतली, आणि प्रत्येक ऑर्डर पोहोचवण्याचा खर्च भागेल एवढ्या ऑर्डरी काही आल्या नाहीत. तिची वेबसाइट उत्तम चालत होती. गोदाम, साठा आणि पोहोच यांचा हिशेब ज्यांना कळतो त्यांची या धंद्यात गरज काय, हे तुम्हाला कोणी विचारलेच तर एवढे उदाहरण पुरेसे आहे. ‘एक घाव दोन तुकडे’ करून तुम्ही जी ११ वर्षे मागे टाकू पाहता, तीच तुमच्याजवळची सर्वांत विकाऊ वस्तू आहे. ती टाकून दिलीत तर बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांबरोबर डिजिटल मार्केटिंगच्या पहिल्या पायरीवरच्या नोकरीसाठी रांगेत उभे राहावे लागेल. ती बरोबर घेतलीत तर मागणीचा अंदाज, साठ्याचे नियोजन, कॅटेगरी मॅनेजमेंट (एका प्रकारच्या मालाची खरेदी-विक्री सांभाळणे), मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे अनेक विक्रेत्यांच्या सामाईक वेबसाइटवरच्या, विक्रीचे व्यवस्थापन, परतीचे विश्लेषण अशा जागांसाठी तुम्ही अनुभवी उमेदवार ठराल.

अभ्यासक्रम किती ताजा आहे हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. त्यात साधने शिकवली जातात की प्रश्न सोडवायला शिकवले जाते, ते तपासा. गूगलने वेबसाइटच्या वाहतुकीचे मोजमाप करणारी आपली जुनी प्रणाली, म्हणजे युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, १ जुलै २०२३ पासून थांबवायला घेतली आणि तिच्या जागी वेगळ्या रचनेची नवी प्रणाली आणली. जुन्या प्रणालीचे एकेक बटण पाठ करण्यात ज्यांनी सत्र घालवले असेल, त्यांची मेहनत वाया गेली. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर ॲपना वापरकर्त्याचा माग काढण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे सक्तीचे केले, तेव्हा जाहिरातींच्या मोजमापाचे पाठही असेच एका रात्रीत शिळे झाले. याउलट डेटाबेसला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९७० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि आजही साठ्याचा, ऑर्डरींचा, परतीचा तक्ता डेटाबेसमधून काढायचा तर बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. माझा सरळ निकष असा, की सक्तीच्या विषयांत डेटाबेस नसेल, तर ई-कॉमर्सच्या त्या पदवीचा मोह सोडून द्यावा.

संख्याशास्त्राच्या धास्तीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या भीतीपोटी लोक सोपा अभ्यासक्रम निवडतात आणि नंतर हळहळतात. प्रत्यक्षात लागते ते कसे असते, पाहा. एका ऑनलाइन दुकानात येणाऱ्या दर शंभरांपैकी २ जण खरेदी करतात. चेकआउटच्या, म्हणजे पैसे भरून खरेदी पुरी करण्याच्या, पानात बदल केला तर हे प्रमाण २.२ टक्के होईल, असे कोणाला तरी वाटते. मग निम्म्या लोकांना जुने आणि निम्म्यांना नवे पान दाखवून पाहायचे, यालाच ए/बी चाचणी म्हणतात. दिसलेला फरक खरा की निव्वळ योगायोग, हे प्रचलित निकषांवर ठरवायचे, म्हणजे नसलेला फरक आहे असे वाटण्याची शक्यता ५ टक्क्यांवर रोखायची आणि असलेला फरक पकडला जाण्याची शक्यता ८० टक्के ठेवायची, तर प्रत्येक पान सुमारे ८०,००० लोकांनी पाहावे लागते. दिवसाला हजार लोक भेट देत असलेल्या दुकानाला या एका चाचणीसाठी पाच महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागेल. मग ती चाचणी करण्यात अर्थ आहे का, हा पुढचा आणि खरा प्रश्न. यात टक्केवारी, वर्ग आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरतात याचे माप) यांपलीकडे काही नाही. मागणी वरखाली होते म्हणून किती जादा साठा हाताशी ठेवायचा हे तुम्ही अकरा वर्षे ठरवत आला आहात. पाठ्यपुस्तकात त्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात आणि त्याच्या सूत्रात हेच प्रमाण विचलन बसलेले असते. तुम्ही ते अंदाजाने केलेत, आता सूत्राने कराल, इतकाच फरक. भीती वाटते म्हणून हा विषय टाळू नका. तो सक्तीचा असलेलाच अभ्यासक्रम निवडा.

यानंतर तीन पर्याय.

एमबीएविषयी थोडक्यात आटोपतो. अनेक माणसांचा विभाग चालवण्याची, पुढे कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनात जाण्याची इच्छा असेल तर एमबीए योग्य आहे. तुमच्या पत्रात ती इच्छा मला दिसली नाही. एएसीएसबी, इक्विस किंवा एएमबीए अशी आंतरराष्ट्रीय अधिमान्यता संस्थेला आहे, असे जाहिरातीत ठळकपणे छापलेले असेल. त्या अधिमान्यतांना मोल आहेच, परंतु त्या एकंदर संस्थेच्या किंवा तिच्या व्यवस्थापन शिक्षणाच्या दर्जाविषयी बोलतात. त्यातला ई-कॉमर्सचा ऐच्छिक गट ताजा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, याविषयी त्या काही सांगत नाहीत. सर्वाधिक पैसे देऊन आपल्या विषयाचे चार-दोन तासच मिळावेत, हा सौदा मला पटत नाही.

पूर्णवेळ पदवीकडे तुमचे मन ओढते, म्हणून तिचा हिशेब जरा कठोरपणे मांडतो. शुल्क एका वर्षाच्या पगाराएवढे आणि बुडणारा पगारही एका वर्षाचा, म्हणजे खर्च झाला दोन वर्षांच्या पगाराएवढा. नव्या नोकरीत आजच्यापेक्षा २५ टक्के अधिक पगार मिळाला असे धरले, तर हा खर्च भरून यायला आठ वर्षे लागतील. नोकरी न सोडता तीच पदवी घेतली तर चार. कर्ज काढले तर व्याज त्यात वेगळे मिळवा. शिवाय क्षेत्र बदलणाऱ्याला पहिली नोकरी वाढीव पगाराची मिळेलच असे नाही, पुष्कळदा ती तेवढ्याच किंवा कमी पगाराची असते. पूर्णवेळ पदवीचा खरा फायदा एकच आहे आणि तो मोठा आहे : इंटर्नशिप. विद्यार्थ्यांसाठी उघडणारे दरवाजे अनुभवी अर्जदारासाठी उघडत नाहीत, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. म्हणून त्या अभ्यासक्रमात किमान तीन महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप असेल आणि ती मिळवून देण्याची जबाबदारी संस्था लेखी स्वीकारत असेल, तरच तो पर्याय विचारात ठेवा. ‘इंटर्नशिपसाठी मार्गदर्शन केले जाईल’ या शब्दांना काही अर्थ नसतो.

आता ऑनलाइन पदवी. तिचे गुण सांगण्याआधी तिचे ओझे सांगतो. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो; म्हणजे ९० क्रेडिटसाठी २,२५० ते २,७०० तास. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत ते वाटले, तर एकही आठवडा सुट्टी न घेता दर आठवड्याला २२ ते २६ तास पडतात. नोकरीवरून आल्यावर रोज दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून बारा तास, हा झाला त्यातल्या त्यात कमी आकडा. मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचा गृहपाठही संध्याकाळीच असणार. हा हिशेब घरातल्या मंडळींसमोर कागदावर मांडून, कोणते काम कोण उचलणार हे बोलून घेतल्याशिवाय प्रवेश घेऊ नका. ‘जमेल तसे करू’ म्हणून सुरू केलेल्या ऑनलाइन पदव्या दुसऱ्या सत्रात सुटताना मी पाहिल्या आहेत, आणि दोष बहुतेक वेळा अभ्यासाचा नसून भांड्यांचा आणि शाळेच्या वेळांचा असतो. तीच पदवी तीन वर्षांत करण्याची सोय आहे का आणि त्यासाठी जादा शुल्क पडते का, हे आधीच विचारा. तीन वर्षांत ते ओझे आठवड्याला १४ ते १७ तासांवर येते आणि ते पेलण्याजोगे आहे.

असे असूनही मी दुसरा पर्याय सुचवतो, आणि त्याचे कारण पुन्हा परतीच्या पार्सलांपाशीच जाऊन पोहोचते. बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शेवटी एक मोठा प्रकल्प किंवा प्रबंध असतो. पूर्णवेळ विद्यार्थी त्यासाठी कोठून तरी मिळवलेला, हजारो जणांनी आधीच वापरलेला नमुना डेटा घेऊन बसतात. तुमच्या हाताशी खऱ्या कंपनीची दोन वर्षांची परतीची नोंद आहे, तीही स्वतः पार्सल उघडून केलेली. नोकरी सोडलीत, तर हा डेटाही सोडावा लागेल. नोकरीत राहून कंपनीच्या लेखी परवानगीने, गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि फोन काढून टाकून त्यावर प्रकल्प केलात, तर पदवीच्या प्रमाणपत्राखेरीज मुलाखतीत टेबलावर ठेवता येईल असे काम तुमच्या हाती असेल. वैयक्तिक माहिती वगळण्याची अट मी शिष्टाचार म्हणून घालत नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, इतर अनेक देशांतही तशा स्वरूपाचे कायदे आहेत, आणि ही काळजी न घेणारा विद्यार्थी कोणत्याही जाणत्या परीक्षकाच्या मनातून उतरतो.

माझ्या सूचनेला अटी मात्र आहेत. त्या पदवीच्या सक्तीच्या विषयांत डेटाबेस आणि संख्याशास्त्र ही दोन्ही असावीत, साठा आणि पोहोच यांवर किमान एक पूर्ण विषय असावा आणि शेवटचा प्रकल्प स्वतःच्या कामाच्या ठिकाणी करण्याची मुभा असावी. यांतली एक जरी गोष्ट नसेल, तर ‘डिजिटल बिझनेस’चा हट्ट न धरता बिझनेस ॲनालिटिक्स किंवा सप्लाय चेन यांतली अर्धवेळ पदवी शोधा. तुमच्यासाठी ती ई-कॉमर्सचीच पदवी ठरेल. संस्थेला पदवी देण्याचा अधिकार तिथल्या शिक्षण नियामकाने दिलेला आहे की नाही, हे नियामकाच्या यादीत स्वतः पाहावे. संस्थेने पाठवलेल्या पत्रावर विसंबू नये.

संस्थेच्या कार्यालयाशी बोलताना नोकऱ्यांच्या टक्केवारीवर फार वेळ घालवू नका, पण एक प्रश्न जरूर विचारा : ही टक्केवारी किती जणांपैकी? एका तुकडीत ६० विद्यार्थी, त्यांतल्या २० जणांनी प्रश्नावली भरली आणि त्या वीसपैकी १८ जण नोकरीत आहेत असे निघाले, तरी जाहिरातीत ‘९० टक्के’ असेच छापता येते. त्या अठरांतले किती जण प्रवेशापूर्वीच्याच नोकरीत आहेत, हे तर कोठेच येत नाही. त्यापेक्षा लिंक्डइनवर त्या पदवीचे नाव शोधा आणि तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले, तुमच्यासारखेच दुसऱ्या क्षेत्रातून आलेले दोघे-तिघे गाठा. अभ्यासक्रम आवडला का असे त्यांना विचारू नका. लोक भिडेपोटी होच म्हणतात. शेवटचा प्रकल्प कोणत्या डेटावर केला आणि आजच्या कामात त्यातले काय वापरता, हे विचारा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, त्यावरून पुष्कळ कळते.

याच सुमारास नोकरीच्या तीस जाहिराती गोळा करा. वर सांगितलेल्या पदांच्याच घ्या आणि प्रत्येकीत पदव्युत्तर पदवी ‘आवश्यक’ म्हटली आहे, ‘असल्यास प्राधान्य’ म्हटले आहे की तिचा उल्लेखच नाही, हे तीन रकान्यांत लिहा. ‘आवश्यक’चा रकाना जवळपास रिकामा राहिला, तर तुमची गरज पदवीची नसून दोन-तीन कौशल्यांची आणि एका चांगल्या कामाची आहे, आणि त्यासाठी लहान मुदतीचे अभ्यासक्रमही पुरतील. मुलाखतीची ती दुपार मला अजून बोचते, म्हणून पदवीला मी निरुपयोगी म्हणणार नाही; पण तुम्हाला हव्या असलेल्या दारावर ती अट लिहिलेली आहे का, हे शुल्क भरण्याआधी पाहायलाच हवे.

वयाची काळजी करू नका, असे नुसते म्हटल्याने ती जात नाही, म्हणून एवढेच लिहितो : साठ्याच्या नियोजनासाठी माणूस निवडताना ज्याने कधी साठा अंगावर पडलेला पाहिला आहे असाच उमेदवार मला नेहमी हवासा वाटला, आणि असे उमेदवार बावीस वर्षांचे नसतात.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन महिने हातात ठेवा आणि एक वही घाला. परत आलेल्या प्रत्येक पार्सलासाठी मालाचा कोड, माप किंवा रंग, गिऱ्हाइकाने सांगितलेले कारण आणि पार्सल उघडल्यावर तुम्हाला दिसलेले कारण, असे चार रकाने. शेवटचे दोन रकाने पुष्कळदा जुळणार नाहीत. गिऱ्हाइकाने ‘आवडले नाही’ एवढेच लिहिलेले असते, आणि तुम्हाला दिसते की वेबसाइटवरच्या फोटोतला निळा रंग प्रत्यक्षात जांभळ्याकडे झुकतो, किंवा मापांचा तक्ता एका आकाराने चुकला आहे. काही परती अशा कोणत्याच दोषाशिवाय होतील, तेही नोंदवा. युरोपीय संघात २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेला बहुतांश माल कारण न सांगता १४ दिवसांत परत करता येतो, आणि टाळता येण्याजोग्या परती आणि टाळता न येण्याजोग्या परती यांत भेद करणे हेच या कामातले अर्धे कौशल्य आहे. ही वही एक्सेलमध्ये चढवा, पिव्हट टेबलने मालाप्रमाणे बेरजा काढा आणि वर दिलेला ४६ चा हिशेब तुमच्या कंपनीच्या खऱ्या खर्चावर करून पाहा. जोडीला एसक्यूएलचे एखादे विनामूल्य प्राथमिक शिक्षण रोज अर्धा तास घ्या. मग तो एका पानाचा तक्ता ऑनलाइन विक्री पाहणाऱ्या त्या तरुण गटाच्या प्रमुखांना नेऊन दाखवा. त्यांनी तुम्हाला बसवून घेऊन प्रश्न विचारले, तर कदाचित क्षेत्रबदल त्याच इमारतीत होईल आणि पदवीच्या शुल्कात काही वाटा कंपनीकडे मागता येईल. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, तरी तुमच्या अर्जासोबतच्या निवेदनात काय लिहायचे ते तयार असेल. आणि या तीन महिन्यांत आकड्यांचा कंटाळाच आला, तर एका वर्षाचा पगार वाचला असे समजून मला दुसरे पत्र लिहा. आपण वेगळा विचार करू.

ऑनलाइन पदवीच्या अर्जाची मुदत या तीन महिन्यांच्या आत संपत असेल, तर अर्ज भरून ठेवायला हरकत नाही. मात्र प्रवेश मिळाल्यावर तो पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवता येतो का, आणि आगाऊ भरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, या दोन गोष्टींची उत्तरे ईमेलवर लेखी मागवून घ्या. फोनवर मिळालेल्या होकारावर पैसे भरू नका.